सोनं, मीठ आणि काळी वाळू: किनाऱ्यासाठी मेटल डिटेक्टर घेताना

आजचा भाग ऐकायला वेळ नसेल तर हे वाचून काढा. बोलताना मुद्दे जरा मागेपुढे झाले होते, ते इथे ओळीने लावलेत. आकडे मात्र सगळे तसेच ठेवलेत, कारण खरेदी करताना तेच कामाला येतात.

विषय निघाला तो असा. मी मूळचा शिरूर तालुक्यातला, आजोळ दौंडला. दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडची सगळी मंडळी रत्नागिरीला गेली होती. तिथे लाटांत मावशीचं मंगळसूत्र गेलं. सगळ्यांनी अंधार पडेपर्यंत वाळू चाळली, हाती काही लागलं नाही. दोन दिवसांनी मावसभावाने मला तीन लिंक पाठवल्या. "दादा, यातली कुठली मशीन घेऊ? तू इंजिनिअर आहेस ना."

आता मी सॉफ्टवेअरवाला. पण बीटेकला सिग्नल प्रोसेसिंग होतं, आणि मेटल डिटेक्टर म्हणजे शेवटी तेच. तिन्ही लिंक नीट बघितल्या. पहिली होती स्वस्तातली, सगळ्यांना चालेल अशी मशीन. दुसरीवर मोठ्या अक्षरांत 'गोल्ड' लिहिलेलं. तिसरीला दोन अँटेना, आणि जमिनीखाली कित्येक फुटांवरचं सोनं दाखवेल असा दावा. किनाऱ्यासाठी तिन्ही चुकीच्या, आणि प्रत्येक वेगळ्या कारणाने. ती तीन कारणं कळली की योग्य मशीन कुठली हे तुमचं तुम्हालाच कळेल.

आधी मोबाइलमधलं ॲप काढून टाका

'मेटल डिटेक्टर' नावाची ॲप्स तुमच्यापैकी अनेकांनी टाकून पाहिली असतील. ती पूर्ण खोटी नाहीत, पण सोन्यासाठी बिनकामाची आहेत. फोनमध्ये मॅग्नेटोमीटर असतो, होकायंत्रासाठी. तो पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मोजतो. आपल्या भागात हा आकडा साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला दिसतो. लोखंड जवळ आणलं की आकडा उडतो. सोन्याची अंगठी आणली की ढिम्म हलत नाही, कारण सोन्याला चुंबक ओढत नाही. घरात करून बघा, एका मिनिटाचं काम आहे.

खरा डिटेक्टर वेगळं काहीतरी करतो. त्याच्या खालच्या चकतीत, म्हणजे कॉइलमध्ये, तारेचे वेढे असतात. त्यातून उलटसुलट होणारा प्रवाह सोडला की आजूबाजूला बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. त्या क्षेत्रात धातू आला की धातूत छोटे छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरायला लागतात. हे प्रवाह स्वतःचं क्षेत्र तयार करतात आणि दुसरी कॉइल ते ऐकते. म्हणजे मशीन आधी हाक मारते आणि मग ओ ऐकते. ओ किती जोरात आली आणि किती उशिराने आली, या दोन गोष्टींवर सगळा खेळ आहे.

अडचण अशी की किनाऱ्यावर सोन्याशिवाय आणखी दोघं जण ओ देतात.

पहिला गोंगाट: काळी वाळू

भीमाकाठच्या किंवा घोडकाठच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको. जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून वाळूतून ओढलं की त्याला काळी मिशी फुटते. आपण त्याला लोखंडाचा कीस म्हणायचो. त्यात मुख्यतः मॅग्नेटाइट असतं. ते येतं आपल्या काळ्या दगडातून, म्हणजे बसाल्टमधून. सह्याद्रीच्या पूर्वेला हा दगड झिजतो, त्यातला चुरा भीमेत येतो. पश्चिमेला झिजतो, तो कोकणातल्या नद्यांबरोबर समुद्रात जातो. रत्नागिरी जिल्ह्यात काळबादेवी, मिऱ्या, भाट्ये, मालगुंड या पट्ट्यात काळी वाळू आहे. तिच्यात मॅग्नेटाइटबरोबर इल्मेनाइट, म्हणजे टायटॅनियमचं खनिजही सापडतं. दगड एकच, फक्त उताराच्या बाजू दोन.

या काळ्या वाळूत भोवरे फिरत नाहीत, पण ती चुंबकीय असल्यामुळे मशीनच्या हाकेला लगेच ओ देते, अजिबात उशीर न करता. चांगल्या मशीनमध्ये 'ग्राउंड बॅलन्स' नावाची सोय असते, ती ही लगेच येणारी ओ ओळखून वजा करते. स्वस्त मशीनमध्ये ही वजाबाकी कारखान्यातच एका आकड्यावर पक्की केलेली असते, ती आपल्याला बदलता येत नाही. बागेत, मैदानात चालतं. काळ्या वाळूवर मात्र अशी मशीन एकतर सतत ओरडते, नाहीतर आवाज कमी करता करता बहिरी होते. पहिली लिंक इथेच बाद.

त्यात आणखी एक गंमत आहे. साध्या वाळूची घनता पाण्याच्या साधारण २.६५ पट. इल्मेनाइट ४.७ च्या आसपास, मॅग्नेटाइट ५.२. शुद्ध सोनं १९.३, आणि बावीस कॅरेटचं सतरा-अठराच्या दरम्यान. लाट हलकं उचलून नेते, जड मागे ठेवते. सराफ कट्ट्यावरची धूळ पाण्यात धुऊन सोनं काढणारे झारेकरी हेच हाताने करतात, समुद्र तेच लाटेने करतो. म्हणून काळी वाळू जिथे थराने साठते, तिथेच बऱ्याचदा हरवलेले दागिनेही जाऊन बसतात. थोडक्यात, सोनं मिळायची जागा आणि गोंगाटाची जागा एकच.

दुसरा गोंगाट: मीठ

मिठाचं पाणी वीज वाहून नेतं. धातूच्या मानाने फारच कमी, पण कॉइलखाली एक अंगठी असते आणि पाणी असतं सगळीकडे. त्यामुळे ओल्या वाळूत सगळीकडे मंद भोवरे फिरतात. मिठाची ओ काळ्या वाळूसारखी लगेच येत नाही. ती जवळपास पाव फेरी मागे राहून येते.

बारीक सोन्याचीही ओ नेमकी तेवढ्याच उशिराने येते. आता मंगळसूत्राचा विचार करा. अंगठी म्हणजे बंद कडं. त्यात प्रवाह मस्त गोल फिरतो, ओ दणदणीत येते. साखळी म्हणजे शेकडो सुट्या कड्या. एका कडीतून दुसरीत प्रवाह नीट जात नाही, म्हणून मशीनला दहा ग्रॅमची साखळी दिसतच नाही. तिला दिसते एक एक इवलीशी कडी. मंगळसूत्रात मध्ये काळे मणी, वाट्या पोकळ आणि पातळ पत्र्याच्या. वजनाने भारी दागिना, पण मशीनच्या कानाला मिठाच्या पाण्यासारखा.

आता दुसरी लिंक, 'गोल्ड' वाली. ही जात खोटी नाही. ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी कोरड्या जमिनीत सोन्याचे कण शोधायला ती बनवतात, आणि तिथे ती उत्तम काम करते. बारीक सोनं ऐकायला वरची फ्रिक्वेन्सी लागते. मायनलॅबची गोल्ड मॉन्स्टर १००० ही ४५ किलोहर्ट्झवर चालते. साध्या गॅरेट एस २५० ची फ्रिक्वेन्सी आहे ६.५. पण फ्रिक्वेन्सी वाढवली की मिठाची ओसुद्धा त्याच प्रमाणात वाढते. म्हणजे सोन्यासाठी कान तीक्ष्ण केला आणि मिठानेच कान भरले. डब्यावर 'गोल्ड' लिहिलंय म्हणून ती समुद्रावर नेणं म्हणजे उसाच्या फडात कांद्याचं पेरणी यंत्र घालण्यासारखं आहे. यंत्र चांगलं, शेत चुकलं.

गणित एका परिच्छेदात

शाळेतला एक्स आणि वाय अक्ष आठवा. एका फ्रिक्वेन्सीवर मशीनला दोनच आकडे मिळतात: लगेच आलेली ओ किती, आणि पाव फेरी मागे राहिलेली ओ किती. काळी वाळू एक्स अक्षावर बसली, मीठ वाय अक्षावर. दोन्ही वजा केले तर सोन्यासाठी उरलं काय? शून्य. समीकरणं दोन आणि अज्ञातं तीन. मशीन कितीही महाग असली तरी हे गणित सुटत नाही.

उपाय म्हणजे आणखी समीकरणं आणा. एकाच वेळी दोन किंवा जास्त फ्रिक्वेन्सींवर ऐका. फ्रिक्वेन्सी बदलली तरी काळ्या वाळूची ओ जवळपास तेवढीच राहते. मिठाची फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढते. अंगठीची आधी वाढते आणि मग एका पातळीवर थांबते. तिघांच्या वागण्यात फरक पडला की मशीनमधला प्रोसेसर दोघांना एकदम वजा करू शकतो आणि अंगठी उरते. फिशरची सीझेड मालिका ५ आणि १५ किलोहर्ट्झ अशा दोन फ्रिक्वेन्सींवर हेच करते. मायनलॅब इक्विनॉक्स ८००, एक्सपी ड्यूस २, नोक्टा लेजंड या अलीकडच्या मशीन अनेक फ्रिक्वेन्सी एकत्र वापरतात.

जाहिरातीत इथे एक शब्दांचा खेळ असतो, तो नीट बघा. 'फ्रिक्वेन्सी निवडता येते' आणि 'अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी चालतात' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत तुम्ही ५ किंवा १० किंवा १५ असं निवडता, पण एका वेळी समीकरणं दोनच. किनाऱ्यासाठी दुसरी हवी.

फुकट काही मिळत नाही हेही सांगतो. मीठ वजा करताना मिठासारखं दिसणारं बारीक सोनंही थोडं वजा होतं. अगदी नाजूक साखळी कुठलीही मशीन खाऱ्या ओल्या वाळूत खात्रीने ऐकू शकत नाही.

दुसरा मार्ग: पल्स इंडक्शन

या जातीच्या मशीन, थोडक्यात पीआय, सतत हाक मारत नाहीत. एक झटका देतात, थांबतात, आणि काही मायक्रोसेकंदांनी ऐकायला लागतात. तोवर काळ्या वाळूची बहुतेक ओ संपलेली असते. मिठाची ओसुद्धा पटकन विरते, म्हणून दहा-पंधरा मायक्रोसेकंद थांबलं की तीही गेली. जाड अंगठी अजून वाजत असते. गॅरेट सी हंटर मार्क २ ही अशी मशीन आहे, आणि काळ्या ओल्या वाळूत ती खोल ऐकते.

तोटे दोन. थांबलेल्या त्या वेळात बारीक साखळीचीही ओ विरून जाते. आणि पीआयला लोखंड आणि सोनं यातला फरक फारसा सांगता येत नाही. खिळा, बाटलीचं झाकण, मासेमारीचा गळ, सगळ्यासाठी खणा. स्वच्छ किनाऱ्यावर चालेल. जिथे रोज भेळेच्या गाड्या लागतात तिथे कंबर मोडेल.

तसं तर 'हे सोनंच आहे' असं कुठलीच मशीन सांगत नाही. सिगारेटच्या पाकिटातला ॲल्युमिनियमचा कागद, जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या आणि सोनं यांचे आकडे एकमेकांत मिसळतात. सोनं हवं तर कचरा खणावाच लागतो.

तिसरी लिंक: अँटेनावाली

हिच्याबद्दल जरा गंभीरपणे बोलतो, कारण आपल्या भागात पैसे बुडतात ते इथे. हातात धरायची मूठ, पुढे फिरणाऱ्या दोन दांड्या, आणि 'लांबून सोनं ओढतं' हा दावा. आत्ताच पाहिलं की अंगठी ऐकायला कॉइल तिच्या जवळ न्यावी लागते. शांत जमिनीत चांगल्या मशीनला एक अंगठी साधारण वीतभर, फार तर फूटभर खोलीवर कळते. काळ्या खाऱ्या वाळूत त्याहून कमी. अंतर वाढलं की ओ इतक्या झपाट्याने पडते की शंभर मीटरवरून अंगठी ओळखणं या मार्गाने शक्यच नाही.

एडीई ६५१ नावाचं असंच एक अँटेनावालं यंत्र बॉम्ब शोधायला म्हणून इराकला विकलं गेलं. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधायच्या एका खेळण्यावरून ते घेतलं होतं आणि त्यात चालणारं काहीच नव्हतं. तपासनाक्यांवर त्याच्या भरवशावर लोक मेले. ते विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. एका देशाचं पोलीस खातं फसू शकतं, तर चार मित्रांनी वर्गणी काढून घेतलेल्या मशीनचं काय.

गावाकडे या मशीनसोबत बऱ्याचदा 'गुप्तधन' आणि पूजा सांगणारा माणूसही येतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात धन शोधण्याच्या नावाखाली केलेली अघोरी कृत्यं गुन्हा आहेत. असा माणूस दारात आला तर पोलीस ठाण्याचा नंबर लावा.

मग काय बघून घ्यायचं?

क्रमाने सांगतो.

१. अनेक फ्रिक्वेन्सी एकाच वेळी, आणि ओल्या वाळूसाठी वेगळा 'बीच' मोड. हे नसेल तर पुढचं वाचू नका.

२. ग्राउंड बॅलन्स स्वतः करता आला पाहिजे.

३. कॉइल 'डबल डी' प्रकारची. खनिजं असलेल्या जमिनीत ती गोल कॉइलपेक्षा शांत चालते. मध्यम, म्हणजे दहा-अकरा इंची पुरे. फार मोठी कॉइल मीठही जास्त ऐकते.

४. फक्त कॉइल नव्हे, पूर्ण मशीन पाण्यात चालणारी. इक्विनॉक्स ८०० तीन मीटरपर्यंत चालते. 'वॉटरप्रूफ कॉइल' एवढंच लिहिलं असेल तर वरचा डबा पहिल्याच लाटेत जाईल.

५. दुरुस्ती भारतात होते का आणि बिल मिळतं का, हे आधी विचारा. या मशीन बहुतेक बाहेरून येतात.

जाहिरातीतला खोलीचा आकडा यादीत नाही, तो मुद्दाम घातलेला नाही.

पैसे देण्याआधी टोपलीची परीक्षा

यासाठी समुद्रावर जायला नको. एक मोठी प्लॅस्टिकची टोपली घ्या, लोखंडी घमेलं नको. नदीकाठची काळी वाळू भरा. एक टोपलीच बरं का, ट्रॉली भरायला लागलात तर तहसीलदार येतील. दहा लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅम मीठ विरघळवा, हा समुद्राचा खारेपणा. ते वाळूवर ओता. अंगठी पिशवीत घालून दोऱ्याला बांधा, वाळूत चार बोटं खाली दाबा आणि मशीन फिरवा. मग अंगठी काढून बारीक साखळी ठेवा. शेवटी काहीच न ठेवता फिरवा. रिकाम्या टोपलीवरही ओरडणारी मशीन परत करा.

खरा किनारा टोपलीपेक्षा अवघड असतो. इथे नापास झालेली मशीन तिथे पास होणार नाही, एवढं मात्र नक्की. दौंडच्या कालव्याखालच्या शेतकऱ्यांना तर टोपलीचीही गरज नाही. उसाला पाणी देऊन देऊन जी जमीन खारवट झाली, पांढरं मीठ फुटलं, ती पाणी दिल्यावर जवळपास किनाराच. बसाल्टची काळी माती आणि वर मीठ, दोन्ही गोंगाट घरबसल्या.

प्रत्यक्ष किनाऱ्यावर चालताना पाण्याच्या रेषेला समांतर चाला. पाण्याकडून कोरड्या वाळूकडे चालाल तर ओल क्षणाक्षणाला बदलते आणि मशीन गोंधळते. कॉइल एकाच उंचीवर ठेवा. संवेदनशीलता दोन पायऱ्या खाली आणा, शांत मशीन जास्त सापडवते. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

एकाच दागिन्यासाठी घेऊ का?

मावसभावाला मी नाही म्हणालो. मंगळसूत्र जाऊन आठवडा झाला होता. तेवढ्यात कित्येक भरत्या-ओहोट्या झाल्या, वाळू हलली, आणि दागिना होता साखळीचा. मशीनची किंमत आणि सापडायची शक्यता यांचा मेळ बसत नव्हता. मावशीला हे ऐकून वाईट वाटलं, पण ती म्हणाली, "बरं झालं सांगितलंस, मी आणखी पैसे घालवले असते." तुमच्यावर ही वेळ आली तर त्याच क्षणी फोनवर लोकेशन सेव्ह करा, किनाऱ्यावरच्या दोन ठळक खुणांचा फोटो काढा, भरतीची वेळ लिहून ठेवा. मशीन असलेला माणूस पुढच्या ओहोटीला आणता आला तर आशा आहे. नाहीतर सोनं समुद्राचं.

सापडलं तर ते कुणाचं?

दुसऱ्याचा ओळखता येण्यासारखा दागिना सापडला तर तो पोलिसांकडे द्यायचा. गपचूप ठेवून घेणं गुन्हा ठरू शकतो. आणि जमिनीत पुरलेलं जुनं धन असेल तर १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा लागतो. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. लपवलं तर वाटा जातोच, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपये ही मर्यादा दीडशे वर्षांपूर्वीची, पण कायदा आजचा आहे.

संरक्षित स्मारकं आणि जुन्या वस्तीच्या पांढरीच्या टेकाडांवर मशीन न्यायचीच नाही. आपल्या शिरूर तालुक्यातलं इनामगाव बघा. घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी खोदकामं केली. तीन हजार वर्षांपूर्वीची शंभरावर घरं निघाली, घरांच्या जमिनीखाली रांजणांत पुरलेली लहान मुलं निघाली, धान्याचे जळके दाणे निघाले. त्यातून त्या माणसांनी काय पिकवलं, काय खाल्लं हे कळलं. कुणीतरी आधी येऊन धातूसाठी खड्डे पाडले असते तर चार तुकडे हाती लागले असते आणि ही सगळी माहिती गेली असती.

तर मंडळी, दुकानदाराला किती फूट खोल हे विचारू नका. काळी वाळू आणि मीठ, दोन्ही एकाच वेळी वजा करते का, हे विचारा. आणि उत्तर टोपलीवर दाखवायला सांगा. पुढच्या भागात बोअरवेलचं पाणी दाखवणाऱ्या मशीनबद्दल बोलू. नारळ हातात घेऊन फिरणारेही त्यात येतील. तुमच्या गावातले अनुभव व्हॉइस नोटमध्ये पाठवा.